कारणाची ओळ

खाणीच्या फाटकाजवळ एक काळी पाटी होती. तिच्यावर रोज सकाळी दोन ओळी लिहिल्या जात. पहिल्या ओळीत तांब्याचा भाव, दुसऱ्या ओळीत त्याचं कारण. या दोन ओळी वाचल्याशिवाय पहिल्या पाळीचा एकही माणूस आत पाऊल टाकत नसे, कारण इथली मजुरी भावाला बांधलेली होती. भाव एक पायरी चढला की सगळ्यांच्या पाकिटात चढीचे पैसे पडत. उतरला की तेवढेच मुकाट्याने कापले जात. त्यामुळे हवापाण्याच्या गप्पा इथे कुणी मारत नसे. भाव चढता असला की रखडलेली लग्नं जमत, दुखरे दात उपटून घेतले जात आणि सासवा सुनांशी गोड बोलत. उतरता असला की त्याच सासवांना सुनेने चहात घातलेली साखर डोळ्यांत खुपू लागे.

पाटी लिहिणाऱ्या बाईंना सगळे मावशी म्हणत. खाणीच्या धुळीने त्यांच्या नवऱ्याची फुप्फुसं खाल्ली, तेव्हा कंपनीने मोठी दया केल्यासारखा चेहरा करून त्यांच्या हातात खडूचा डबा दिला होता. अक्षर मोत्यासारखं होतं, तेवढीच त्यांची लायकी कंपनीला दिसली. ऑफिसातले बाजारसाहेब, म्हणजे कंपनीच्या तांब्याची खरेदी-विक्री पाहणारे गृहस्थ, रोज सकाळी फोनवर आकडा घ्यायचे, तो आणि त्याचं कारण एका चिठोऱ्यावर खरडायचे आणि मावशींकडे न बघताच चिठोरं पुढे करायचे. मावशी ते घेऊन फाटकाशी जायच्या.

जग त्यांनी पाहिलं ते त्या दुसऱ्या ओळीतून. लढाई पेटली, भाव चढला. काडतुसाला पितळ लागतं आणि पितळाला तांबं. लढाई संपली, भाव आपटला. एका मोठ्या देशाने खेडोपाडी वीज न्यायचं मनावर घेतलं, दोन पायऱ्या वर. मग घरातले नळ प्लास्टिकचे झाले, टेलिफोनच्या तारा काचेच्या झाल्या, आणि अशी उतरण लागली की अर्धी आळी सामान बांधून निघून गेली. कुणा दलालाने गुपचूप गोदामं भरून तांबं दाबून ठेवलं तेव्हा भाव फुगला, आणि त्याचं बिंग फुटल्यावर, ज्यांनी त्या दलालाचं नावही ऐकलं नव्हतं त्यांच्या घरचा दिवा मंदावला. अलीकडे विजेवरच्या गाड्यांनी पुन्हा जरा बरे दिवस आणले होते.

पण हमखास चढ हवी असेल तर दुसऱ्या कुणाच्या तरी खाणीचं वाटोळं व्हावं लागे. तिकडे पूर आला, संप झाला, दरड कोसळली, की बाजारात येणारं तांबं कमी. मागणारे मात्र तेवढेच. मग उरलेल्यांच्या तांब्याला सोन्याचे दिवस. छोट्या संपाला अर्धी पायरी, पाणी भरलं तर एक, खाण कोसळली तर दोन, हा हिशेब मावशींना तोंडपाठ झाला होता. ती कारणं लिहिताना खडू कधी अडखळला नाही. का अडखळावा? त्या गावांची नावंसुद्धा त्यांना नीट उच्चारता येत नसत.

त्यांचा एकुलता एक मुलगा खाणीत लागला त्या महिन्यात अशीच एक लांबची खाण कोसळली होती. मुलाचं खरं नाव फक्त हजेरीपटाला ठाऊक. बाकी सगळ्यांना तो लंबू. इतका उंच माणूस खाणीत जातो म्हणजे डोक्याला रोजचं टेंगूळ ठरलेलंच. मावशींनी त्या महिन्याच्या चढीच्या पैशातून त्याला बूट घेतले. जाड चामड्याचे, पुढे लोखंडी वाटी असलेले, घोट्याच्या वर येणारे. लंबूने पाय घालून पाहिले, घरभर ठणठण चालून दाखवलं आणि मग खाली बसून म्हणाला,

"आई, तिकडे किती माणसं गेली गं?"

"मला काय माहीत? चिठ्ठीवर तेवढं नसतं."

"म्हणजे कुणाचे तरी पाय गेले आणि मला बूट आले."

"बूट आहेत ते घाल गपचूप," मावशी कडाडल्या. "तुझ्या बापाने आयुष्यभर फाटके वापरले. जगाची पंचाईत करायला बसलास तर अनवाणी जाशील."

लंबू हसला. पुढे लग्न झाल्यावर ही गोष्ट तो बायकोला रंगवून सांगायचा, आईच्या कडाडण्याची नक्कल करून. सून शिवणकाम करायची, तोंडाने फटकळ होती आणि नवऱ्याच्या प्रत्येक विनोदावर हसायचंच असं तिने ठरवलेलं नव्हतं. या गोष्टीला ती कधीच हसली नाही.

आग लागली ती भर सकाळी. सगळ्यात खालच्या मजल्यावर केबलची ठिणगी उडाली आणि छताला टेकू दिलेल्या लाकडांनी पेट घेतला. वरच्या मजल्यांवरची माणसं खोकत, डोळे पुसत बाहेर आली. खालची तुकडी आली नाही. लंबू त्या तुकडीत होता.

दुपारपर्यंत फाटकाशी सगळी आळी जमली. बायका जमिनीवर बसल्या, पुरुष जाळीला धरून उभे राहिले. मोठ्या साहेबांनी बाहेर येऊन सांगितलं की आग आटोक्यात येते आहे, आपली माणसं खाली उतरताहेत, सगळ्यांनी धीर धरावा. त्यांच्या मागोमाग सुतारकाका बाहेर आले. खाणीतले टेकू बसवणारे हे म्हातारे मावशींच्या नवऱ्याचे जिवलग. त्यांच्या भुवया जळल्या होत्या, पण आवाज टणक होता.

"वहिनी, पोरं जिवंत आहेत," ते म्हणाले. "हवेचा पाइप खाली जातो ना, त्याच्यावर ठोके मारताहेत. मी कान लावून ऐकलंय. पण आपल्याकडे धुरात घालायचे मुखवटे नाहीत. टेकडीपलीकडच्या कोळशाच्या खाणीत त्यांची सुटका तुकडी आहे, मुखवटे आहेत, सगळं आहे. मी साहेबांना म्हटलं, एक फोन करा, तासाभरात येतील. तर म्हणतात, गरज नाही, आपले लोक समर्थ आहेत."

"समर्थ?" सून उठून उभी राहिली. "काका, चला, आपण जाऊ. फोन नाही तर पायी जाऊ."

सुतारकाका निघालेच होते. मावशींनी सुनेचा हात धरला.

"सकाळपर्यंत थांब. उद्याचा भाव येऊ दे."

"भावाचं काय घेऊन बसलात आई?"

"अगं, साहेब खोटं बोलतील, पण बाजार कशाला खोटं बोलेल? त्याचा पैसा लागलेला असतो. पोरं अडकून खाण बंद पडायची असेल तर भाव उडी मारेल. मी काही आजपासून लिहीत नाही हे. नाही हलला, तर समज की दोन दिवसांत काम सुरू होतंय. आणि तू उगाच पलीकडे जाऊन बोंब ठोकलीस तर साहेब चिडतील, खाली उतरलेली माणसंही वर बोलावतील."

सून उभीच होती. पण आजूबाजूच्या बायकांनी माना डोलावल्या. मावशींचा हिशेब कधी चुकला नव्हता, हे त्या सगळ्यांनी आपल्या पाकिटात मोजून पाहिलं होतं. शेवटी सून खाली बसली. ती बसली म्हणून सुतारकाकाही थांबले.

दुसऱ्या दिवशी सकाळी बाजारसाहेबांच्या डोळ्यांखाली काळी वर्तुळं होती, दाढी मात्र गुळगुळीत केलेली. त्यांनी मावशींकडे चक्क पाहिलं. स्वतः उठून खुर्ची पुढे ओढली, चहा मागवला. इतक्या वर्षांत त्या खोलीत मावशी पहिल्यांदा बसल्या. त्यांना भरून आलं. माणूस वाटतो तितका कोरडा नाही, असं वाटलं. चिठोऱ्यावर कालचाच आकडा होता. कारणाच्या जागी लिहिलं होतं, बाजार शांत.

मावशींनी पाटीवर तसंच उतरवलं आणि वळून, सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या, "भाव हलला नाही! घाबरू नका!"

फाटकाशी बसलेल्या सगळ्या आळीने सुस्कारा सोडला. कुणीतरी घरून चहाची किटली आणली. एक बाई रात्रभरात पहिल्यांदा रडली, कारण आता रडायला हरकत नाही असं तिला वाटलं. संध्याकाळी सुतारकाका येऊन म्हणाले, ठोके अजून येताहेत, जरा मंद झालेत, पण येताहेत. मात्र आता पाइपापाशी कुणाला उभं राहू देत नाहीत. सुनेने मावशींकडे पाहिलं. मावशी म्हणाल्या, "सकाळी बघू."

आत कुठेतरी एक कुसळ टोचत होतं. एवढी आग लागली, धुराचा लोट मैलभरावरून दिसत होता, आणि बाजाराने साधी मान वळवू नये? पूर्वी कुठे नुसती संपाची कुजबुज झाली तरी भाव कान टवकारायचा. पण मावशींनी ते कुसळ उपटून पाहिलं नाही. मुलगा खाली असताना आईने आशेची उलटतपासणी करायची नसते, असं त्यांनी मनाला बजावलं.

तिसऱ्या सकाळी चिठोरं हातात पडलं आणि मावशींना आधी वाटलं की साहेबांनी लिहिताना चूक केली. आकडा चार पायऱ्या वर होता. चार! लढाईतसुद्धा एका रात्रीत चार पायऱ्या त्यांनी पाहिल्या नव्हत्या. कारणाच्या जागी लिहिलं होतं, पुरवठ्यात अडचण.

आणि मग त्यांच्या तोंडून जे निघालं, त्यासाठी पुढे त्यांनी स्वतःला कधी माफ केलं नाही. वर्षानुवर्षांच्या सवयीने त्यांनी विचारलं, "अगं बाई! कुठे झालं हो साहेब?"

बाजारसाहेबांनी टेबलावरची टाचणी उचलली, परत ठेवली.

मावशी त्यांच्याकडे बघत राहिल्या. खोलीत घड्याळ होतं, पंखा होता, भिंतीवर कंपनीच्या खाणीचं रंगीत चित्र होतं. त्या चित्राकडे त्यांची नजर गेली आणि तिथेच थांबली.

"खाणीचं तोंड बुजवलंत," त्या म्हणाल्या.

"मावशी, काल रात्री आग वर सरकायला लागली. हवा तोडल्याशिवाय विझली नसती. अख्खी खाण गेली असती. दुसरा इलाज नव्हता."

"ठोके येत होते."

"रात्री येत नव्हते. असं सांगितलं मला."

"आणि बाजाराला कधी कळवलंत?"

"बाजाराला कळवावंच लागतं. नियम आहे."

"आम्हाला?"

"दुपारी सभा आहे. मोठे साहेब स्वतः बोलणार आहेत."

मावशींचं डोकं भलतंच स्वच्छ चालत होतं. "मग काल भाव का नाही हलला?" त्यांनी विचारलं. "मी सगळ्यांना सांगितलं, भाव हलला नाही, घाबरू नका. का नाही हलला?"

"ते तुम्हाला नाही समजायचं."

"मी तुमची चिठ्ठी तुमच्या केसांत पांढरा केस नव्हता तेव्हापासून वाचतेय. सांगा."

बाजारसाहेबांनी दाराकडे पाहिलं. मग खालच्या आवाजात, जणू डॉक्टरला दुखणं सांगावं तसं, त्यांनी सांगून टाकलं. पुढच्या सहा महिन्यांचं तांबं कंपनीने आधीच लोकांना विकून ठेवलं होतं, ठरलेल्या भावाने. खाणीतून ते निघणार नाही हे पहिल्याच दिवशी दिसलं. म्हणजे बाजारातून विकत घेऊन द्यावं लागणार. बातमी फुटली असती तर भाव भडकला असता आणि कंपनी बसली असती. म्हणून दोन दिवस तोंडाला कुलूप. आधी खरेदी, मग बातमी. "कंपनी बुडाली असती तर सगळेच रस्त्यावर आले असते, मावशी. तुम्हीसुद्धा."

"म्हणजे बाजाराला ठाऊकच नव्हतं."

"नव्हतं."

"आणि कोळसा खाणीची माणसं बोलावली असती तर ठाऊक झालं असतं."

ते टेबलावरचे कागद सारखे करू लागले. मावशींना आणखी काही विचारायचं उरलं नाही. काल आपल्याला खुर्ची का मिळाली, चहा का मिळाला, हेही आता लख्ख कळलं. फाटकाशी जमलेली आळी शांत ठेवायला साहेबांना पोलीस लागले नाहीत. मावशी होत्या.

त्या पाटीपाशी गेल्या. ओल्या फडक्याने कालच्या ओळी पुसल्या. पाठीमागे सगळे उठून उभे राहिले. मावशींनी आकडा लिहिला, नेहमीच्याच अक्षरात. गर्दीतून कुणा तरण्याच्या तोंडून सवयीने निसटलं, "चार पायऱ्या!" आवाजात आनंद होता. त्याचं त्यालाच कळलं असावं, कारण पुढचा शब्द त्याने गिळला. पण मग आणखी कुणीतरी विचारलंच, "कुठे झालं, मावशी?"

मावशींनी दुसऱ्या ओळीवर खडू टेकवला. पुरवठ्यात अडचण हे चिठोऱ्यावरचे शब्द त्यांच्या मुठीत चुरगळलेले होते. त्यांनी लिहिलं, आपली खाण. रात्री तोंड बुजवलं. पोरं आत.

फाटक मोडायला वेळ लागला नाही. पहारेकऱ्याने अडवलंच नाही, त्याचा भाऊही खाली होता. सगळे धावत गेले. खाणीच्या तोंडावर सिमेंटचा जाड थर होता, अजून ओलसर, थापीचे फटकारे दिसणारा. सुतारकाकांनी त्याच्यावर तळवा टेकवला आणि म्हणाले, "गरम लागतंय." हवेचा पाइप त्या थराला लागून कापला होता आणि त्याच्या तोंडात चिंध्यांचा बोळा कोंबला होता. काकांनी बोळा उपसून कान लावला. सून त्यांच्या तोंडाकडे बघत उभी राहिली. खूप वेळाने काकांनी कान काढला आणि नाही अशी मान हलवली.

पलीकडच्या कोळसा खाणीचे लोक दुपारी आपणहून आले. बाजारात कळलं तसं त्यांनाही कळलं होतं. त्यांचा नायक पाइप बघून आला, सुतारकाकांकडून सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाला, "दोन दिवस ठोके येत होते? मग एक माणूस तरी पाठवायचा होता हो. आम्ही पायी आलो असतो." त्याला कुणावर ठपका ठेवायचा नव्हता. साधा माणूस होता, मनात आलं ते बोलला. सून त्याच्या समोरच उभी होती.

मावशींना कामावरून काढतील असं सगळ्यांना वाटलं होतं. काढलं असतं तर बरं झालं असतं, निदान कुणीतरी आपल्याला शिक्षा केली एवढं समाधान मिळालं असतं. कंपनीने फक्त पाटी बदलली. नव्या पाटीवर एकच ओळ आखलेली होती, भावाची. कारणाला जागाच ठेवली नाही. वरचे मजले हळूहळू सुरू झाले, दुसऱ्या बाजूने नवं तोंड काढलं. माणसं पाटी वाचून आत जाऊ लागली. न जाऊन करतील काय? मावशीही खडू घेऊन जात राहिल्या, त्यांनाही दुसरं काय येत होतं?

आता आकडा लिहिताना त्यांना दूरच्या कुठल्या तरी फाटकाजवळची दुसरी पाटी दिसायची. तिथेही कुणी तरी त्या सकाळी लिहिलं असेल, चार पायऱ्या, पुरवठ्यात अडचण. तिथल्या सासवा गोड बोलल्या असतील. कुणा आईने पोराला काहीतरी घेतलं असेल. तिला दोष द्यायला मावशींना तोंड नव्हतं.

घरात शिवणयंत्र चालू असे, पण बोलणं बंद झालं होतं. सून ताट वाढायची, औषध द्यायची, दिवा मालवायची. एक वाकडा शब्द नाही. आधी फटकळपणाचा वैताग यायचा, आता मावशी मनोमन विनवायच्या, बाई गं, एकदा तोंडाला येईल ते बोलून घे.

महिना भरला आणि पाकिटं वाटली गेली. भाव चार पायऱ्या वर होता, तेव्हा चढीचे पैसे सगळ्यांना मिळाले, नियमाप्रमाणे. मावशींनाही मिळाले. पाकीट कधी नव्हे इतकं जाड होतं. ते फेकून द्यावं असं वाटेवर दहादा मनात आलं, आणि दहाही वेळा घरातला पिठाचा रिकामा डबा डोळ्यांपुढे आला. घरी येऊन त्यांनी ते शिवणयंत्राशेजारी ठेवलं.

यंत्र थांबलं. सुनेने दोरा दाताने तोडला, कापड बाजूला सारलं, पाकीट उचलून हातात तोललं.

"मी निघाले होते, आई," ती म्हणाली. आवाज चढलेला नव्हता. "तुम्ही म्हणालात म्हणून बसले."

मावशींनी मान खाली घातली. 

सुनेने पाकीट त्यांच्याच पुढ्यात परत सरकवलं. दाराशी खुंटीखालची बुटांची जागा रिकामी होती. ते लंबूच्या पायात गेले होते.

"ठेवा तुमच्याकडे," ती म्हणाली. "आता कुणाला बूट घ्यायचे, ते सांगा."

आणि तिने पुन्हा यंत्र सुरू केलं.